पाच बोटं

धनीबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि सासूच्या दंडावर टेकवलेला हात चटकन मागं घेतला. काल चेपलं होतं तिथं पाच बोटं उमटली होती, जांभळी आणि अगदी स्पष्ट. महाराष्ट्र झाला त्या साली सासरा गेला, तेव्हा सासूच्या, भुरीबाईच्या दंडातल्या बलिया उतरल्या. जन्मभर त्या बांगड्यांखाली झाकलेली कातडी आता काहीच लपवत नव्हती.

दारात आलेल्या शेजारच्या तानाबाईनं ते पाहिलं. अंगणात रांगणारी आपली पोर तिनं उचलली आणि मुकाट्यानं कडेवर घेतली. धनीबाईनं सासूच्या दंडावर ओढणी ओढली.

संध्याकाळपर्यंत बातमीला पाय फुटले. तांड्याचा नायक शंकरसिंग स्वतः आला. धनीबाईचा नवरा प्रेमसिंग त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"पुसदच्या डाक्टरनं सांगतलं नायक, म्हातारपणानं याडीची, मायची कातडी पातळ झाली. जरासं दाबलं का डाग पडते."

"डाक्टरले करणी दिसते का?" नायक म्हणाला. "आज म्हातारी माह्या घरी झोपन. तिले कोनी चेपाचं नाही. सकाळी नवा डाग नसला, तर तुही बायको तांड्यात राह्यची नाही."

भुरीबाई उठेना.

"मले सुनेपाशीच राहू दे. तिनं चेपल्याबिगर झोप येत नाही मले."

नायकाची करंगळी तरुणपणी कापसाच्या जिनात गेली होती, पण पकड अजून कायम होती. त्यानं म्हातारीचं मनगट धरलं आणि तिला ओढतच नेलं.

धनीबाई चुलीपाशी बसून राहिली. जाळाच्या उजेडात तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. तिला त्यांची भीती वाटली.

सकाळी नायकाच्या ओट्यापाशी सगळा तांडा जमला. भुरीबाई उन्हात बसली होती. दंडावर जुनेच डाग होते, नवा एकही नव्हता.

"पाहा," नायक म्हणाला. "सून नाही, तर डागही नाही."

धनीबाईनं खाली पाहिलं.

तेव्हा भुरीबाईनं ओढणीखालचा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. मनगटाभोवती जांभळा विळखा पडला होता. अंगठा होता, बोटं तीनच होती. करंगळीची जागा कोरी होती.

शंकरसिंगनं उजवा हात हळूच घोंगडीत घेतला.

तानाबाई पुढं झाली. नायकाच्या पायाशी रांगणारी आपली पोर तिनं उचलली आणि मुकाट्यानं कडेवर घेतली.