शाकिरच्या हंडीतली सफरचंदं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला शिट्टी नाही. आमच्या धाड गावात जो येतो तो माझ्याकडे बोट दाखवून विचारतो, "याले किती शिट्ट्या लागते?" अहो, लागतच नाहीत! मी एक जुना, विजेवर चालणारा स्लो कुकर आहे. बाहेर पत्र्याचा डबा, आत चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. माझं सगळं मंद आचेवर चालतं. चार तास म्हणजे चार तास. तुम्ही समोर येरझारा घाला नाहीतर डोकं आपटा, मी पावणेचार करणार नाही. पण त्या शुक्रवारी माझाही जीव टांगणीला लागला होता. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती सौदीतल्या जेद्दाची खोली. सहा माणसं, एक खिडकी आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट. त्यातला एक धाडचा शाकिर. तो हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. गावी परत निघालेल्या एका सोबत्याकडून त्याने मला घेतलं आणि फार जपलं.

सुट्टीच्या दिवशी तो सफरचंदं आणायचा. साली काढून जाड फोडी करायचा. वर दालचिनीची पूड, थोडी साखर, लिंबाचे चार थेंब आणि लोण्याचा एक गोळा. पाणी अजिबात नाही, कारण सफरचंद आपलं पाणी आपणच सोडतं. मग झाकण लावून, भिंतीला टेकून तो घरी फोन लावायचा. पडद्यावर त्याची लेक उमैमा दिसायची. दर दहा मिनिटांनी तिचं एकच, "अब्बा, झाले काय?" तो हसून म्हणायचा, "नाही बेटा, आता कुठं?" खोलीभर दालचिनीचा वास सुटायचा आणि सहाही जण वाट्या घेऊन बसायचे. उमैमाला मात्र ती सफरचंदं कधी मिळाली नाहीत. तेव्हा शाकिरने तिला शब्द दिला होता, "तू पहिला रोजा धरशील ना, त्या दिवशी मी सोता येऊन तुले खिलवीन."

मुलांचा पहिला रोजा म्हणजे घरात केवढं कौतुक असतं! नवे कपडे, गळ्यात हार, संध्याकाळी सगळे नातेवाईक. पण ऐन रमजानात हॉटेलात गर्दी, रजा मिळणार नाही हे शाकिरला दोन महिने आधीच कळलं. मग सुट्टीवर गावी निघालेल्या दुसरबीडच्या अरसलानबरोबर त्याने मलाच पाठवून दिलं.

जीप दारात थांबली तेव्हा उमैमा अनवाणीच धावत आली. अरसलानने खोका खाली ठेवला. तिने जीपमध्ये वाकून पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं.

"मले हे नको," ती म्हणाली. "अब्बा पाहिजे."

त्या दिवसापासून ती बापाशी बोलेना. रोज संध्याकाळी फोन वाजायचा आणि ती घरामागे पळायची. दोन महिने! आठ वर्षांच्या पोरीचा एवढा राग मी पाहिला नव्हता. शाकिर तिच्या आईला, सफाला, विचारायचा, "आज तरी?" सफा घरामागच्या दाराकडे बघायची. आणि मी? माझी जाड पिन इथल्या बोर्डात बसेना, म्हणून माझ्यात कांदे भरून मला फळीवर ठेवलं होतं. अपमान वाटला, खोटं कशाला बोलू! पण मला जास्त लागायचं ते त्या वाजत राहणाऱ्या फोनचं.

मग रमजानचा नववा रोजा आला. शुक्रवार. उमैमाने हट्टाने पहिला रोजा धरला आणि सफाने मला खाली काढून घासूनपुसून लख्ख केलं. आजोबा फकीर मोहम्मद समोरच्या दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरतात. त्यांनी माझी परदेशी पिन छाटून इथली बसवली. शाकिरने फोनवर बजावलं होतं, "झाकण अजिबात उघडायचं नाही. एकदा उघडलं का अर्ध्या घंट्याची वाफ गेली म्हणून समज." दीड वाजता फोडी आत पडल्या. रोजा सुटणार सहा पस्तीसला. म्हटलं, आरामात होईल.

कसलं आराम! उपाशी घर होतं ते. चव घ्यायची सोय नाही, म्हणून जो तो वास घ्यायला येऊ लागला. सफा आली, झाकण उचललं, "वा!" आजोबा आले, "मी फक्त पिन पाह्यतो" म्हणत झाकण उचललं. पाहुण्या आल्या, त्यांनीही उचललं. मी आत धुमसत होतो. अरे, पिन बाहेर आहे आणि तुम्ही झाकणात काय शोधताय?

चव पाहायला दरवर्षी शेजारच्या अन्नपूर्णाबाई येतात. या घराच्या भज्यांचं मीठ रमजानभर त्याच सांगतात. चार वाजता सफाने कुंपणावरून हाक मारली, "काकू, या ना, गोड बरोबर झालं का पाहा."

अन्नपूर्णाबाई आल्या, चमचा तोंडापर्यंत नेला आणि थबकल्या. "अवो माय! आज तं एकादशी हाय. सफरचंद चालते, पण हे दालचिनी चालते का वं?"

"मले काय माहीत, काकू!"

"मसाल्याची हाय नं थे. राहू दे बाप्पा." त्यांनी चमचा ठेवला, पण जाता जाता झाकण उचलून वास घेतलाच.

सव्वाचारला लाइट गेली. मी गार पडायला लागलो, मित्रांनो. आतल्या फोडी अजून कडक होत्या. सफा दारात आणि घरात, घरात आणि दारात. उमैमाचे ओठ सुकले होते, तरी ती पाण्याच्या माठाकडे बघेना. भिंतीवरचं घड्याळ मात्र चालूच.

आजोबा दुपारनंतरची असरची नमाज आटोपून आले तोवर सव्वापाच झाले होते. अंधारलेला बोर्ड पाहताच ते म्हणाले, "दुकानात इन्व्हर्टर हाय, आन्‌ तुम्ही हातावर हात धरून बसल्या? टॉवेल आण!" त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून रस्ता ओलांडला. सत्तरीचं उपाशी माणूस, दिवसभराचा घसा कोरडा! मला माझ्याच वजनाची लाज वाटली. दुकानात तांब्याच्या तारांच्या रिळांमध्ये त्यांनी मला टेकवलं. माझा लाल दिवा लागला.

"इथंच बस," ते उमैमाला म्हणाले. "दिवा बुजला तं आवाज दे." फोन टेबलावर ठेवून ते बॅटरीत पाणी टाकायला मागे गेले.

आता ती आणि मी, दोघंच. ती उठली, बसली. रस्त्याकडे पाहून आली. माझ्या काचेला नाक लावलं. हात झाकणाच्या बोंडावर ठेवला, काढला, परत ठेवला. पोरी, नको! मला ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केलं असतं. एकदम तिने आजोबांचा फोन उचलला.

"अब्बा," ती म्हणाली, "लाइट गेली होती. झाकण उघडून पाहू काय?"

पलीकडे भांड्यांचा खणखणाट होता, तो हळूहळू दूर गेला. शाकिर बाहेर आला असावा.

"अब्बा? सांगा ना!"

"नको, बेटा," तो म्हणाला. "नको उघडू. काचेतून पाह्य. बुडबुडे दिसते काय?"

"थोडे."

"भूक लागली?"

"हाव." मग जरा थांबून, "तहान जास्त लागली."

"मलेही," तो म्हणाला. "अजून किती टाइम हाय तुह्याकडं?"

"एक घंटा. तुम्ही फोन ठेवू नका."

त्याने ठेवला नाही. कुणीतरी त्याला आत हाका मारत होतं, तरी ठेवला नाही. मी इतकी वर्षं मंद आच धरून आहे, पण त्या एका तासात मला घाई झाली होती. शिजा रे, फोडींनो, शिजा! दोन महिन्यांनी लेकरू बोललं आहे, मी कच्चा ठरलो तर तोंड कुठे दाखवू?

आजोबांनी मला परत घरात आणलं आणि अजान झाली. गळ्यात हार घालून उमैमाने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि वाटी पुढे ओढली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. फोनमधून शाकिरही पाहत होता. जेद्दात अजून दुपारच होती, त्याचा स्वतःचा रोजा सुटायला बराच वेळ होता.

फोड तिच्या दाताखाली कर्रकन वाजली.

"अब्बा, कच्चे राह्यले," ती म्हणाली.

"असू दे, बेटा. पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी तुम्ही करजा. या लवकर." आणि तिने दुसरी फोड उचलली, मग तिसरी. वाटी पुसून खाल्ली. पडद्यावर शाकिरने शर्टाच्या बाहीत तोंड लपवलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना निगा लागते. आमच्यात कांदे भरू नका, ओल्या हातांनी पिन काढू नका, शिजत असताना आमच्या झाकणाशी खेळू नका. एवढं माझं मागणं आहे. पण हे सगळं करत असताना दूर असलेल्या तुमच्या माणसाचा फोन वाजला, तर आधी तो उचला. माझं नंतर बघा.