चुन्याचे थर

“झाकण इथे आहे, मग पेटी कुठे गेली?”

हा प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारून दाखव, असं माझ्या वर्गातल्या आर्गिरोने मला डिवचलं होतं. मला कसली भीती? यंदा भाषणाचं बक्षीस माझंच, आणि टेकडीवरच्या अवशेषांचा राखणदार म्हणजे माझाच बाबा. दरवर्षी ईस्टरच्या आधी आमच्या शाळेची सहल तिथे जाते आणि बाबा सगळ्यांना बजावतो की इथला खडासुद्धा खिशात घालायचा नाही.

मी हात वर करून खणखणीत आवाजात विचारलं. बाबा त्या दगडी शवपेटीच्या झाकणाकडे बघत म्हणाला, “जर्मनांनी नेली.”

आमच्या क्रीटमध्ये जे सापडत नाही ते युद्धात जर्मनांनीच नेलेलं असतं, आजीची कात्रीसुद्धा. पण या वेळी मागे खसखस पिकली. आर्गिरो कानाशी येऊन म्हणाली, “जर्मन तुमच्या लिंबोणीखाली राहतात का गं?”

लिंबोणीखाली आमची दगडी डोणी आहे. शेळ्या तिच्यात पाणी पितात. मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्यात तिच्यात आडवी व्हायचे, तेव्हा डोकं आणि टाचा दोन्हीकडे बरोबर टेकायच्या. दर ईस्टरला गावातल्या प्रत्येक अंगणात चुना लागतो, आणि डोणी रंगवायचा मान मी सहा वर्षांची असल्यापासून माझा. “जाड लाव,” बाबा सांगायचा. मी मन लावून तीन-तीन हात द्यायचे.

घरी येऊन मी सुरी घेतली. चुन्याचे पापुद्रे निघू लागले. आधी माझी दहा वर्षं निघाली, त्याखाली बाबाची. मग दगडात कोरलेली फुलांची माळ आणि अक्षरं. शाळेत प्राचीन ग्रीक शिकते, त्यामुळे वाचता आलं: मेलित्ता, वय वर्षे नऊ.

बाबा मागे येऊन उभा होता. आजोबांनी खेचरं जुंपून ती पेटी टेकडीवरून खाली ओढत आणली तेव्हा तो सात वर्षांचा होता, दोर त्यानेही धरला होता, निम्मा गाव मदतीला होता, हे त्याने मी न विचारताच सांगितलं. आई मात्र भडकली. नोकरी गेली तर आपण दगड चावायचे का, म्हणाली, आणि चारचौघांत बापाला उघडं पाडताना लाज कशी वाटली नाही. पण मला उत्तर माहीतच नव्हतं. सगळ्या वर्गात फक्त मलाच माहीत नव्हतं.

बाबाने चुन्याची बादली आणि कुंचला माझ्या पायाशी ठेवला. “आजच लावून टाक, गारिफालिया. उद्या पाहुणे येतील.”

तो खोटं बोलला याचं एवढं नाही. ते खोटं दहा वर्षं माझ्याच हातून रंगवून घेतलं, ते लागलं.

मी बादली बाजूला सरकवली.

“आई, बाबा, ऐका. मी यंदा चुना लावणार नाही. आणि ईस्टर झाला की संग्रहालयात जाऊन सांगणार आहे, पेटी कुठे आहे ते. बाबा, तू निघालास तर मी तुझ्याबरोबर येईन. नाही निघालास, तर एकटी जाईन.”