येतो

आमच्या ऑफिसात कुणी कुणाला कामाला बोलावलं की बोलावणाऱ्याच्या डोक्यावर एक नवी खोली उगवते. बोलावलेला माणूस तिथे काम करतो आणि तो निघून गेला की खोली मिटते. आमच्या प्रोग्रामिंग भाषेचा रनटाइम, म्हणजे लिहिलेला कोड चालवणारी यंत्रणा, ती हीच, आणि ती खांबेटेबाईंनी एकटीने बांधली. त्या तळमजल्यावर बसतात, कारण पहिलं बोलावणं त्यांचंच असतं.

वेळ कुठे जातो ते बघायला प्रोफायलर आहेत, निमकर. ते सेकंदाला शंभर वेळा ओरडतात, "स्टॅच्यू!" सगळे जिथल्या तिथे थिजतात, फक्त निमकरांना उत्तर देण्यापुरते ओठ आणि बोट हलतात. सगळ्यात वरच्या खोलीपासून ते विचारत येतात, "तुम्हाला कोणी बोलावलं?" माणूस बोट दाखवतो, निमकर त्या बोटाच्या दिशेने पुढची खोली गाठतात. शेवटी बाई म्हणतात, "मी आपली आपण आले." निमकर वहीत लिहून "ओव्हर" म्हणतात, की आम्ही पुन्हा कामाला लागतो.

सोमवारपासून इमारत सहा वेळा कोसळली, दर वेळी निमकर विचारत असतानाच. आम्ही अर्ध्या तासात पुन्हा उभे राहतो, पण सगळा भार बाईंवर येतो आणि दर वेळी त्या वीतभर कमी होतात. मूळच्या सात विती होत्या. आता एकच उरली आहे. कपाच्या कानाला पाठ टेकून त्या आमचा कोड वाचतात आणि तेवढ्यातही माझ्या तीन चुका काढतात. मला रडू येत होतं.

"निमकरांना काढून टाकू या," मी म्हणाले.

"काही नको. ते विचारतात म्हणून इमारत पडत नाही. कुणीतरी भलतीकडे बोट दाखवतं म्हणून पडते. मला वर ने."

मी त्यांना तळहातावर घेऊन जिना चढले. सगळ्यात वरच्या खोलीत सोनटक्के याद्या अकारविल्हे लावत होते. काम संपलं. आमच्याकडे निघताना बोलावणाऱ्याचं नाव पाटीवरून पुसायची शिस्त आहे, तशी त्यांनी पाटी पुसली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "बरंय, येतो."

"सापडलं!" बाई म्हणाल्या.

"काय सापडलं?"

"अगं, हा निघालाय आणि म्हणतोय येतो. निमकर तेवढ्यात स्टॅच्यू म्हणाले की याला नुकता आलेला धरणार आणि विचारणार, कोणी बोलावलं? पाटी तर कोरी. मग हा दाखवेल ती भिंत, आणि निमकर सरळ भिंतीत शिरणार."

सहा पडझडींत आम्हा पन्नासेक जणांपैकी एकालाही हे ऐकू आलं नव्हतं. आम्ही सगळेच रोज "येतो" म्हणून जात होतो. एवढ्याशा त्या बाई, पण त्यांच्या कानांना माझा साष्टांग नमस्कार.

"आता उद्यापासून सगळ्यांनी 'जातो' म्हणायचं का?" मी विचारलं.

"भलतंच काय! असं अभद्र कुणी बोलतं का?" बाई रागावल्या. मग निमकरांना हाक मारली. "विचारण्याआधी चपलांची टोकं बघा. आत वळलेली असतील तर विचारा. बाहेर वळलेली असतील तर त्याला काही विचारू नका, खालच्या खोलीपासून सुरुवात करा."

"एवढंच?" निमकर म्हणाले.

एवढंच होतं. त्या दुपारी निमकरांनी लाखो वेळा वाकून चपला बघितल्या आणि छताचा एक पोपडाही पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र माझी चौथी चूक काढली.

संध्याकाळी मी त्यांना तळमजल्याच्या उंबरठ्यावर उतरवलं. फरशी नुकतीच पुसली होती. त्यांनी नखाएवढ्या चपला काढून हातात घेतल्या.

"बाई, आत बसताय ना?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "येते गं."

"स्टॅच्यू!"

मी थिजले. बाईही थिजल्या. डोक्यावर बेचाळीस खोल्या होत्या. निमकर आले, वही छातीशी धरून वाकले आणि बाईंच्या अनवाणी पावलांपाशी चपलांची टोकं शोधू लागले.