पाचोळ्यातला चाकू

माझ्या नवऱ्याकडे एकेचाळीस चाकू आहेत आणि त्यातल्या एकानेही कधी कांदा चिरलेला नाही. घडीचे, खिशात मावणारे, सगळे एकाच जातीचे: लष्करी गणवेशावर असतात तसे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे. काही वाळवंटी रंगाचे, काही बर्फात लपतील असे पांढरे-करडे. मला विचाराल तर सगळे सारखेच. पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही, लगेच अर्धा तास शिकवणी सुरू होते.

त्याच्यासारख्याच रिकामटेकड्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. तिथे चाकूंचे फोटो टाकायचे, एकमेकांची वाहवा करायची आणि बॅज मिळवायचे. शंभर फोटोंचा बॅज, वर्षभर रोज हजेरी लावल्याचा बॅज. बॅज म्हणजे काय, तर नावाखाली नखाएवढं चित्र. "पन्नाशीला आलास, आता परत शाळेत नाव घालू का तुझं?" मी चिडवायचे. पण खरं सांगते, कधीकधी पोटात तुटायचंही. खोक्यांच्या कारखान्यात हा माणूस बावीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून वाकडी खोकी बाजूला काढतोय. सरळ निघालेल्या खोक्याबद्दल कुणी शाब्बास म्हणत नाही. फोरमवर म्हणायचे.

एक बॅज मात्र तीन वर्षं त्याला हुलकावणी देत होता. त्याचं नाव 'अदृश्य'. चाकू उघड्यावर ठेवायचा, वर काही झाकायचं नाही, आणि लांबून फोटो काढून टाकायचा. सात दिवसांत कुणालाही त्या फोटोत चाकू सापडला नाही, तर बॅज तुमचा. पण तेवढे दिवस चाकू जागचा हलवायचा नाही, आणि आठव्या दिवशी तो तिथेच, तसाच आहे हे जवळून फोटो काढून दाखवायचं. याचे चाकू दुसऱ्या दिवशीच सापडायचे. 'घुबड' असं टोपणनाव घेतलेला कुणी एक होता, तो तर तासाभरात फोटोवर लाल गोल काढून मोकळा व्हायचा.

मग याला युक्ती सुचली. मिटलेला काय नि पूर्ण उघडलेला काय, चाकू सरळ रेघेत दिसतो आणि नजर नेमकी तिथे जाते. अर्धवट उघडला की रेघ मोडते. आमच्या घरामागे पाण्याच्या टाकीपलीकडे पाचोळा साठतो. तिथे याने चाकू अर्धा उघडून रोवला. पातंही ठिपक्यांचंच, टोक वर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात घरात त्याची शीळ ऐकू यायची, एवढंच.

सासूबाईंना बारा वर्षं साखरेचा आजार. पावलांतली संवेदना पार गेलेली, चिमटा काढला तरी कळायचा नाही. अनवाणी फिरू नका, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पण सासूबाई ऐकतील तर शपथ. घराला वळसा घालून त्यांच्या रोज दहा फेऱ्या, आणि त्याही अनवाणी. "चपलेने जमीन कळत नाही गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "आई, तशीही कळत नाहीच तुम्हाला." "मग काय फरक पडतो?" म्हणत पुढच्या फेरीला निघायच्या.

जखम मलाच दिसली, चाकू ठेवल्याच्या दहाव्या दिवशी. रात्री झोपताना त्या मोजे घालायच्या, त्यातल्या एकाला पिवळट डाग होता म्हणून मोजा ओढून काढला. तळव्याला, टाचेच्या जरा पुढे, बोटाच्या पेराएवढी चीर. कडा काळ्या पडलेल्या, वास येत होता. "काय झालंय गं?" सासूबाईंनी विचारलं, शेजारणीच्या पायाबद्दल विचारावं तसं. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने पाय पाहिला आणि दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिला. मला वाटलं, आईचा पाय बघून घाबरला बिचारा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "काचेने. घरामागे बाटली फुटली होती."

"खोल गेली होती का?"

"नाही, नाही. नुसतं चिरलंय."

त्यांनी जखम धुतली, काचेचा कण राहिलाय का पाहिलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. बाटली कधी फुटली, असं मी वाटेत विचारलं, तर म्हणाला, "तू कामावर होतीस." माझा विश्वास बसला. का नाही बसणार?

चौथ्या दिवशी ताप चढला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि जखमेत सळई घालून पाहिली. "हे काचेने चिरलेलं नाही. काहीतरी टोकदार थेट हाडापर्यंत शिरलंय. त्या दिवशी सांगितलं असतंत, तर तेव्हाच उघडून आतून साफ केलं असतं." सासूबाईंचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

ऑपरेशन चालू असताना नवरा रक्त आणायला गेला होता, त्याचा फोन माझ्याकडे. फोन सारखा वाजत होता. नातेवाईक असतील म्हणून उघडला, तर फोरमवाले. 'अदृश्य' मिळाल्याबद्दल अभिनंदन अजून चालूच होतं. खाली आठव्या दिवसाचा जवळून काढलेला फोटो. कुणीतरी लिहिलं होतं, "पात्यावरचे ते तपकिरी शिंतोडे काय जमलेत! कुठला नमुना?" याने उत्तर दिलं होतं, "दुर्मिळ आहे. आता मिळत नाही."

मी सोळा वर्षं लाँड्रीत डाग काढते. गंज कसा दिसतो नि रक्त कसं दिसतं, ते मला कुणी शिकवायला नको. थेंब वाळून मध्ये फिका आणि कडेला काळा पडला, की ते रक्त असतं.

तो परत आल्यावर मी फोन त्याच्यापुढे धरला. "तुला कधी कळलं?"

"चाकू धुताना पाणी लाल झालं. मला वाटलं, मांजर-बिंजर असेल."

"आणि आईंचा पाय बघितल्यावर?"

त्याने माझ्या हातातून फोन घेऊन खिशात घातला.

"डॉक्टरांनी विचारलं होतं तुला. तोंडावर विचारलं होतं."

"आईला काय वाटलं असतं?" तो म्हणाला. एकवीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर चिडले, रुसले, अबोला धरला. त्याची किळस मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आली.

तीन आठवड्यांनी सासूबाई घरी आल्या. पट्टी तोच बदलायचा, अगदी निगुतीने, आणि त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "माझंच चुकलं रे बाळा. चप्पल घाल म्हणून किती सांगत होतास." आणि हा म्हणायचा, "जाऊ दे आई, होतं असं."

आठ दिवस ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तो कामावर गेला आणि मी त्यांच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. काच नव्हती, हेही. डॉक्टरांना काय सांगितलं, हेही. माझ्या फोनवर फोरम उघडून पहिला, लांबून काढलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"कुठाय यात चाकू?"

मी बोट ठेवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग विचारलं, "मिळाला का त्याला तो बिल्ला?"

"मिळाला."

त्यांनी फोन मला परत दिला आणि चष्मा काढून घडी करून उशाशी ठेवला.

"उद्यापासून पट्टी तू बदलत जा," सासूबाई म्हणाल्या.