कपाळाला चार टाके

गावातल्या दवाखान्यात जायचं नाही म्हणजे नाही, असं म्हणत व्हर्लिन अडून बसला. कपाळाला टॉवेल दाबलेला, टॉवेल रक्तानं भिजलेला, तरी तोंडाचा पट्टा चालूच. "ट्रक चालवायला तब्येत ठीक असल्याचा माझा दाखला तिथेच झालाय. ती माणसं ओळखतात मला. पुढच्या गावी चल." मग काय करते बिचारी नदीन? रविवारच्या जेवणाची ताटं तशीच टाकून नवऱ्याला गाडीत घातलं आणि मक्याच्या शेतांमधून तीस मैल गाडी हाकली.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक. व्हर्लिन अंगणात उभ्या उभ्या कोसळला होता, आणि तीन आठवड्यांतली ही तिसरी खेप. चक्कर येते म्हटलं की दाखला रद्द, दाखला गेला की अठरा चाकांचा ट्रक गेला. एकतीस वर्षं तो त्या स्टिअरिंगमागे बसला होता. ट्रकशिवाय आपण कोण, हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. उद्या पहाटे माल घेऊन नेब्रास्काला निघायचं होतं.

"ट्रकमागच्या ट्रेलरचं दार लागलं, एवढंच सांगायचं," त्यानं वाटेत पढवलं. "फाटे फोडायचे नाहीत."

"मी कशाला फोडू? तूच जपून बोल."

नदीन गाडी लावायला गेली आणि हा एकटाच आत शिरला. टायरच्या दुकानाला लागून असलेला दवाखाना, आधी वेळ घ्यायला नको, नाव सांगायचं नि बसायचं. काउंटरवरच्या मुलीनं नाव, जन्मतारीख विचारली, बटणं दाबली आणि गोड हसली. "तुम्ही आमच्याकडे आधी येऊन गेलाय, मिस्टर स्टॉट्स. एप्रिलमध्ये, दुसऱ्या शाखेत."

मेलो! म्हणजे गावातला दवाखानाही यांचाच! तीस मैल आलो ते यांच्याच दारात!

"काय झालं तुम्हाला?"

"ट्रेलरचं दार लागलं."

"म्हणजे कामावर असताना? मग तुमच्या कंपनीला कळवावं लागेल."

"कामावर कुठे? घरी! कपाटाचं दार लागलं हो, कपाटाचं."

मुलीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी टाइप केलं. काय ते देव जाणे.

त्याच्या मागून आलेल्या, धापा टाकणाऱ्या एका म्हातारीला आधी आत नेलं. ज्याला जास्त त्रास त्याचा नंबर आधी, अशी पाटी भिंतीवर ढळढळीत लावलेली. पण संशयी माणसाला पाट्या दिसतात होय? मला मुद्दाम बसवून ठेवलंय, आत फोनाफोनी चाललीय, असंच त्यानं ठरवून टाकलं.

शेवटी नदीन गाडी लावून आली तेवढ्यात एका दाढीवाल्या मदतनिसानं दोघांना आत नेलं. रक्तदाब घेता घेता त्यानं पुन्हा नाव आणि जन्मतारीख विचारली.

"बाहेर सांगितली की!"

"सगळेच विचारतात, सर. चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जायला नको. बरं, लागलं कसं?"

व्हर्लिननं तोंड उघडायच्या आत नदीन म्हणाली, "ट्रेलरचं दार लागलं हो त्याला."

"कपाटाचं," व्हर्लिन म्हणाला.

"हो, कपाटाचंच. म्हणजे ट्रेलरमधल्या कपाटाचं."

दाढीवाल्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चक्कर वगैरे आली होती?"

"छे छे!" दोघं एका सुरात म्हणाली.

टाके घालायला मार्लीस नावाची अनुभवी नर्स आली. हात इतका हलका की चार टाके कधी पडले कळलं नाही. काम झाल्यावर ती म्हणाली, "मिसेस स्टॉट्स, दोन मिनिटं बाहेर बसता का?"

आता आली पंचाईत! पोलीस असंच करतात, एकेकाला वेगळं काढतात. व्हर्लिन दात आवळून बसला. दाखल्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

मार्लीसनं स्टूल जवळ ओढलं. "घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

"काय?"

"तुमच्यावर कोणी हात उगारतं का? तुमच्या वतीनं त्याच बोलतात, आणि दोघांचं सांगणं जुळत नाही. म्हणून विचारते. तुम्ही इथे बोललेलं मी त्यांच्या कानावर घालणार नाही."

व्हर्लिनला हसूच फुटलं. पण ती हसत नव्हती.

"नदीन? अहो, ती पिंजऱ्यातला उंदीरसुद्धा शेतात नेऊन सोडते!"

"बरं," मार्लीस म्हणाली आणि लिहू लागली.

त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, हे त्याला पक्कं कळलं. दुपारभर तो आपला दाखला पोटाशी धरून बसला होता आणि ही माणसं बघत होती नदीनकडे. या कंप्युटरमध्ये, जो सगळ्या शाखांत उघडतो त्यात, नवऱ्याला झोडपणारी बाई म्हणून तिचं नाव जाणार. आणि तिचा गुन्हा काय, तर नवऱ्यानं पढवलं तसं ती बोलली. स्वतःची त्याला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"पडलो मी," तो म्हणाला. "अंगणात. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्यांदा. तिला खोटं बोलायला मीच लावलं."

मार्लीसनं पेन खाली ठेवलं. "ट्रक चालवता ना तुम्ही?"

"उद्या पहाटे निघायचंय."

"नाही निघायचं," ती म्हणाली आणि त्याच्या छातीला वायरी चिकटवू लागली. कागदाची पट्टी बाहेर आली. ती तिनं दोनदा वाचली आणि मोठ्या हॉस्पिटलसाठी अँब्युलन्स मागवली. हृदयाचे ठोके मध्येच थांबताहेत, तिनं त्याला सरळ सांगितलं.

नदीन धावत आत आली. वायरी पाहून दारातच थबकली. "सांगितलंस?"

"सांगावं लागलं. त्यांना वाटलं, तू मला मारतेस."

नदीन तरातरा त्याच्यापाशी आली. डोळे भरून आले आणि चेहरा मात्र रागानं लाल झाला.

"मारायलाच हवं होतं," ती म्हणाली, "तीन आठवड्यांपूर्वीच." आणि तिनं त्याचा हात जो घट्ट धरला, तो अँब्युलन्सवाल्यांनी दोनदा सांगेपर्यंत सोडला नाही.