लाखेत बसवलेले खडे

ताईने घड्याळ धाकट्या भावाच्या तळहातावर ठेवलं आणि आपल्याच हाताने त्याची बोटं मिटवली. घड्याळ भाऊजींचं. ते गेल्यापासून कपाटात पडून होतं, आतलं तेल आटून चिकट झालं होतं आणि काटे हलायचं नाव घेत नव्हते.

"सोमवारी माझी छाती उघडणार आहेत," बाजारातून काहीतरी आणायला सांगावं तशी ती म्हणाली. "त्याआधी हे चालू करून दे. टिकटिक ऐकत आत जाईन."

"ताई, मला जमेल का पण?"

"किडोबा, जन्मभर पुस्तकं कुरतडलीस. एवढं एक घड्याळ नाही होत?"

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्याला जुनी गजराची घड्याळं खोलून, धुऊन पुन्हा जोडायचा नाद लागला होता. पण गजराचं घड्याळ वेगळं आणि हे मनगटावरचं वेगळं. याची चाकं मोहरीशी स्पर्धा करणारी, आणि त्याची बोटं हल्ली थरथरत. ब्रशने घासायला जाऊ आणि काहीतरी वाकवून ठेवू, या धास्तीने त्याने ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. दुसरी एक धास्ती होती, ती त्याने बायकोलाही सांगितली नाही. घड्याळ चाललं नाही तर ताई परत यायची नाही. विचार खुळचट आहे हे त्याला कळत होतं. पण कळून धास्ती थोडीच जाते?

दुकानदाराने यंत्रं पुढे मांडली. "काका, धुवायचं काय? चष्मा की कार्बुरेटर?"

"मनगटावरचं घड्याळ. फार नाजूक आहे हो."

"मग हे मधलं न्या. मोठं तुमच्या कामाचं नाही, आणि धाकटं नुसतंच गुणगुणतं." त्याने टाकीत पाणी भरलं, अन्न गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा त्यात धरला आणि बटण दाबलं. कानात डासांचा थवा शिरावा तसा आवाज झाला. कागद वर काढला तर त्याची चाळण झालेली. "बघा! आहे की नाही दम?"

"यात बोट घातलं तर?"

"घालू नका. बोटांसाठी साबण असतो."

दुकानदार हसला. याला हसू फुटलं नाही. त्या चाळणीकडे बघून त्याला ताईची छाती आठवत होती.

घरी त्याने यंत्राची माहितीपुस्तिका पाठ होईपर्यंत वाचली. चिकट तेल काढणारं स्पिरिट थेट टाकीत ओतलं तर भडका उडू शकतो, हे वाचून त्याची झोपच उडाली. टाकीत साधं पाणी, त्यात झाकणाची छोटी काचेची बरणी आणि बरणीत जेमतेम सुटे भाग बुडतील एवढंच स्पिरिट, असा बेत ठरला. पाणी तापवायचं बटण बंद. खिडक्या सताड उघड्या.

"गॅस पेटवू नकोस हं," त्याने बायकोला बजावलं.

"अहो, मग जेवायला काय वाढू? चाकं?"

रंग उडू नये म्हणून तबकडी आणि काटे त्याने बाजूला ठेवले. आधी एक जुना स्क्रू धुऊन पाहिला. मगच बाकीचे भाग बरणीत सोडले आणि स्वतः दाराआड जाऊन उभा राहिला. भडका उडाला नाही. यंत्र थांबलं तेव्हा पितळ नव्यासारखं लखलखत होतं. आनंदाने त्याने भिंग डोळ्याला लावलं.

घड्याळाच्या चाकाला अडवत, सोडत टिकटिक करायला लावणारा एक इवलासा भाग असतो. त्याच्या दोन टोकांना लाल खडे असतात. दोन्ही टोकं बोडकी होती.

ते खडे लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्याला हे ठाऊक होतं. कितीदा वाचलं होतं! आगीच्या भीतीने डोकं एवढं भरलं होतं की लाखेला तिथे जागाच उरली नव्हती.

"काय झालं? पांढरे का पडलात?" बायकोने विचारलं.

"ताईला मारलं मी," तो पुटपुटला, आणि मग जे कुणाला सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून बसला.

ती हसली नाही. बरणीतलं स्पिरिट तिने पांढऱ्या फडक्यातून गाळलं. तिखटाच्या कणांसारखे दोन्ही खडे फडक्यावर सापडले.

त्याने पितळी पट्टी तापवून त्यावर लाखेचा कण वितळवला. बायकोने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. खडे बसले. पण ते पूर्वी नेमके किती आत होते याची खूण कुठेच नव्हती, आणि घड्याळ बिघडायला केसाएवढा फरकही पुरतो. घड्याळ जोडलं, किल्ली दिली. चाललं. मध्येच दम खाल्ल्यासारखं अडखळायचं, पण चाललं.

"ताईला सांगा खड्यांचं," बायको म्हणाली.

"परत आली की सांगतो."

सोमवारी रुग्णालयात ताई घड्याळ कानाला लावून खाटेवर पडली होती. "शाब्बास रे किडोबा," ती म्हणाली. परिचारिकेने घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं आणि खाट आत ढकलत नेली.

बाकावर तो ते मुठीत घट्ट धरून बसला. मूठ उघडायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने कानाशी नेलं, तर काहीच नाही. हलवलं, किल्ली दिली. काही नाही. त्याला वाटलं, आता शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडेल आणि कुणीतरी मान खाली घालून बाहेर येईल. बायको काहीतरी बोलत होती, त्याला फक्त तिचे ओठ दिसत होते.

दार उघडलं. डॉक्टर मास्क काढत म्हणाले, "ठीक आहेत. उद्या बोलतील."

दुसऱ्या दिवशी ताईने डोळे किलकिले केले. आवाज खरवडल्यासारखा येत होता. "चालतंय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं त्याला. "नाही. तू आत असतानाच बंद पडलं. खडे निखळले होते, माझ्याच हातून. तुला सांगितलं नाही. ताई, मला वाटलं की तू..." त्याने बाहीने डोळे पुसले.



"म्हणजे काम तुझंच कच्चं," ती म्हणाली. "मी आहे ना इथे. रडतोस काय, मूर्खा? पाणी दे."

त्याने पेला तिच्या ओठांना लावला. अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं.