बारा सेकंदांच्या पुढचा आवाज

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करते की मी फार भित्री आहे. माझ्या पोटात एक गुळगुळीत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर राखून एक सुई धावत असते. ती सुई तबकडीला टेकली की संपला कारभार! असा संसार पोटात घेऊन जगणाऱ्याने शूर तरी कसे व्हावे? टेबलावर कोणी चहाचा कप आपटला तरी मी जीव मुठीत धरते. पण यंदाच्या श्रावणात मी जे भय पाहिले, त्याची सर कशालाच यायची नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते धुळ्यापासूनचे. नूर महंमद यांच्या दुकानात मी खोक्यातून बाहेर आले, तेव्हा तिथे जमिनीपासून छतापर्यंत कॅसेट रचलेल्या होत्या. नूरभाई गावोगाव फिरून बायकांची गाणी भरून आणत. हळदीची, बारशाची आणि सर्वांत जास्त कानबाईची. श्रावणातल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर पोहोचवतात, आणि तेवढ्या वेळात बायका जी गाणी म्हणतात ती कुठे लिहिलेली नसतात. ज्या घरचे बोलावणे येई, त्या घरी नूरभाई आपला टेप घेऊन हजर होत.

या सगळ्या कॅसेट त्यांनी माझ्यात उतरवल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला पुरी साठ मिनिटे लागत आणि ते शेवटपर्यंत समोर बसून ऐकत. त्यांचे कान तेव्हा शाबूत होते. काम झाल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्या पोटात पूर्ण खानदेश आहे!" अशा वेळी मी भीती विसरून जात असे. पुढे कॅसेटना बुरशी धरली आणि त्या भंगारात गेल्या. मग मात्र मला रोज धडकी भरू लागली, कारण आता ते आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हते.

नूरभाईंच्या दोन सवयी इथेच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे रामायण त्यांच्यामुळेच घडले. पहिली सवय त्यांच्या घोषणेची. इतर दुकानदार त्यांची गाणी चोरून विकत, म्हणून प्रत्येक गाण्याच्या आधी ते आपल्याच आवाजातली एक आरोळी लावून देत: ढोलाचा ठेका, आणि मग "ऐका हो ऐका! नूर रेकॉर्डिंग, धुळे! आमच्याकडे अस्सल आवाज!" बरोबर बारा सेकंद. तीनशे बारा गाण्यांना हीच आरोळी होती. दुसरी सवय नावांची. ज्याने बोलावले त्याच्या घराचे नाव ते गाण्याला देत. सोनगीरच्या झुलाल आबांच्या अंगणात प्रमिलाबाई गायल्या, तरी माझ्यावर नाव पडले 'झुलाल सोनगीर सोमवार'. गाणारणीचे नाव लिहायचे असते हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. नूरभाईंचे दुकान चार्जर आणि फोनची कव्हरे विकू लागले. मी बिघडलेल्या रिमोटांच्या सोबतीने खणात पडून राहिले. तिथे कोणी माझी विचारपूस करीत नव्हते, पण मला कोणी पाडतही नव्हते. भित्र्याला तेवढे पुरते.

यंदाच्या श्रावणात एका गुरुवारी दुपारी झुलाल आबा दुकानात आले. टोपी हातात, चेहरा उतरलेला. "नूरभाऊ," ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "मनी प्रमिलानं गानं काढी दे. इतवारले कानबाई बसाडनी शे."

आबांची बायको प्रमिलाबाई गेल्या पौषात वारल्या होत्या. घरात त्यांच्यावाचून बसणारी ही पहिलीच कानबाई. सून ज्योती सगळे करायला तयार होती, पण सासूचे गाणे म्हणायला धजत नव्हती. "माझ्या तोंडून चुकलं तर सगळ्या बाया हसतील," म्हणून रडत होती. आबांच्या फोनमधले गाणे फोनबरोबर विहिरीत गेले होते. रविवार-सोमवारी निदान प्रमिलाचा आवाज तरी अंगणात वाजावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

नूरभाईंनी मला खणातून काढले, फुंकर मारली आणि संगणकाला जोडले. पण आता त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हते आणि यादी होती लांबच लांब. त्यांची मुलगी तबस्सुम तेव्हा रजेवर आली होती. ती चाळीसगावला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. मोठी कामाची पोर आहे. तिने यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अब्बा, ही काय नावं आहेत? बसा आबा, चहा घ्या. आज मी हे सगळं एकदाचं नीट लावूनच देते. पुन्हा कधी शोधावं लागणार नाही."

"आधी हिची एक प्रत काढून ठेवायची का?" नूरभाईंनी विचारले.

"आधी आवरू, मग प्रत काढू. कचऱ्याची प्रत कशाला?"

मित्रांनो, हे वाक्य ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला.

तिने एक सॉफ्टवेअर बसवले. ते गाण्याच्या पोटातली चिठ्ठी वाचते. गायक कोण, गाणे कोणते, वर्ष कोणते, ते बघते आणि त्याप्रमाणे गाण्याला नवे नाव देते. चांगले गुणाचे सॉफ्टवेअर आहे ते, मी उगाच नावे ठेवणार नाही. पण माझ्यातल्या चिठ्ठ्या कोणी हाताने लिहिल्याच नव्हत्या. कॅसेट उतरवताना त्या आपोआप भरल्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर गायकाच्या जागी एकच मजकूर होता: नूर रेकॉर्डिंग, धुळे. तबस्सुमने बटण दाबले. 'झुलाल सोनगीर सोमवार' गेले. नूरभाईंनी दिलेली सगळी नावे गेली. उरले नूर रेकॉर्डिंग एक, नूर रेकॉर्डिंग दोन, नूर रेकॉर्डिंग तीन, अशी तीनशे बारापर्यंतची पलटण.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. ओरडावेसे वाटले, पण मला 'टक टक' एवढाच आवाज काढता येतो. तो मी काढला. तबस्सुम म्हणाली, "जुनी झाली आहे बिचारी," आणि कामाला लागली.

"अब्बा, यात तर एकच गाणं शेकडो वेळा दिसतंय."

"असेल," नूरभाई म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की मी एखादी प्रत जास्तीची काढायचो."

माझ्यात जागा फारशी उरली नव्हती आणि आबांना सोनगीरची गाडी गाठायची होती. म्हणून तबस्सुमने सॉफ्टवेअरला सांगितले: प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद ऐक आणि सारखी असतील ती पुसून टाक. पोर निष्काळजी नव्हती हो! पुसण्याआधी तिने दोन गाणी वाजवून वडिलांना ऐकवली. दोन्हींतून ढोलाचा ठेका आला, दोन्हींतून "ऐका हो ऐका!" आले. ऐकू कमी येत असले तरी आपला तरुणपणीचा आवाज कोण ओळखणार नाही? नूरभाईंचा चेहरा खुलला. "हां, हेच ते! तेच आहे," ते म्हणाले.

तिने तिथेच थांबवले. अजून तीन सेकंद, फक्त तीन सेकंद वाजू दिले असते तर एकीकडून वरणगावची हळद आणि दुसरीकडून भलतेच गाव बोलले असते! चोरांसाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले.

तिने बटण दाबले. माझी सुई पळू लागली. एकेका गाण्यापाशी जायचे आणि त्याची नोंद खोडायची. ज्या हातांनी जपले त्याच हातांनी खोडायचे. मी काय करणार? हुकमाची ताबेदार! पडद्यावर उमटले, सारखी गाणी पुसली, तीनशे अकरा. उरले एक.

पण खरी भीती इथून पुढे सुरू झाली. मित्रांनो, माझ्यावरून काही पुसले म्हणजे पुसते फक्त नोंद. आवाज तबकडीवर जागच्या जागी असतो. मात्र ती जागा मोकळी समजली जाते आणि नवे काही आले की ते त्याच्यावरच लिहिले जाते. आणि नवे येऊ लागले होते! माझ्यात काही बाजारी, सिनेमातली गाणीही होती; त्यांच्यासाठी ते सॉफ्टवेअर इंटरनेटवरून अल्बमवरची रंगीत चित्रे आणून माझ्यावर ठेवत होते. एक चित्र आले, दुसरे आले. ते कोणाच्या आवाजावर पडत होते, ते मला दिसत होते आणि सांगता येत नव्हते. मी भीतीने तापले होते.

"झालं आबा! ऐका," तबस्सुम म्हणाली आणि तिने ते उरलेले एक गाणे लावले. आरोळी झाली. मग वरणगावच्या कुणा बायका हळद दळू लागल्या.

झुलाल आबा कान देऊन ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाई मनी प्रमिला नही शे, नूरभाऊ."

तबस्सुमने यादी वर नेली, खाली नेली. "अब्बा... ती सगळी वेगवेगळी होती का?"

"बठ्ठं गयं का?" सगळेच गेले का, असे आबांनी विचारले.

नूरभाईंचे लक्ष मात्र माझ्याकडे होते. माझा निळा दिवा लुकलुकत होता. "ही आता काय लिहितेय?"

"चित्रं येताहेत, अब्बा."

मित्रांनो, तो माणूस कॅसेटवाला. भरलेल्या कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी ते स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकत, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाऊ नये. माझ्या पाठीला तशी पट्टी नाही, याचे मला कायम वाईट वाटे. चालू डिस्कची वायर ओढायची नाही, असे तबस्सुमने वडिलांना शंभरदा बजावले होते. नूरभाई उठले आणि त्यांनी माझी वायर सरळ उपटली.

"अब्बा, डिस्क मरेल!"

"वरून भरलं तर आवाज मरेल," ते म्हणाले. "आधी भरणं बंद करायचं असतं, बेटा."

मला वाटले, मी संपलेच. पण सुई मुकाट्याने आपल्या जागी येऊन बसली.

शुक्रवारी मला टॉवेलात गुंडाळून नवीन नावाच्या एका कारागिराच्या दुकानात नेले. तो अशी गेलेली गाणी शोधून देतो. त्याने माझ्यावर एक अक्षरही न लिहिता, नुसते वाचून, सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढले. दिवसभर मी खरडली जात होते. कुठल्या क्षणी दम सुटेल याचा नेम नव्हता. संध्याकाळी तो म्हणाला, "तीनशे नऊ मिळाली. दोन गेली. काही मधून फाटलीत. आणि नाव एकाचंही नाही, नुसते नंबर."

ती दोन कोणाची? मला ठाऊक होते, पण मला विचारतो कोण.

शनिवारी सकाळी झुलाल आबा पुन्हा आले आणि एक नंबरपासून ऐकायला बसले. दर वेळी ढोल, दर वेळी "ऐका हो ऐका!" आणि मग कोणी परकी बाई. आबा मान हलवत, तबस्सुम पुढचे लावी. पन्नास झाली. शंभर झाली. आरोळी संपताना आबा डोळे मिटून घेत. दुपार झाली तरी त्या म्हाताऱ्याने घोटभर पाणी घेतले नाही. एकशे त्रेसष्टाव्या गाण्याची आरोळी संपली आणि बायकांच्या गलक्यातून खणखणीत आवाज आला:

"ओ, नूरभाऊले चहा दिधा का?"

आबांनी टोपी तोंडावर धरली. नूरभाईंना ऐकू आले नव्हते, पण आबांना बघून ते समजले. "तेव्हा चहा दिला होता," ते पुटपुटले, "दोनदा दिला होता."

मग प्रमिलाबाई गाऊ लागल्या. एक कडवे झाले, दुसरे झाले, आणि तिसऱ्याच्या मध्यावर आवाज गपकन तुटला. अकरा सेकंद नुसती किरकिर. त्या जागेवर कुठलेसे रंगीत चित्र पडले होते. पुढे गाणे पुन्हा सुरू झाले, पण तबस्सुमला ते ऐकवेना. ती हमसून हमसून रडू लागली. "मी तोडलं, आबा. माझ्यामुळे झालं."

झुलाल आबा उठून तिच्याजवळ आले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे, बेटी. तेवढं ज्योती म्हनी." तुटलेला तेवढा तुकडा सून म्हणेल, असे त्यांचे म्हणणे.

तबस्सुमने डोळे पुसले आणि त्या गाण्याची चिठ्ठी उघडली. या वेळी तिने ती हाताने भरली. गाव, सोनगीर. दिवस, सोमवार. मग ती थांबली आणि तिने आबांना विचारून गायकाच्या जागी लिहिले: प्रमिलाबाई.

सोमवारी सकाळी दुकानात फोन आला. नूरभाईंना ऐकू यावे म्हणून तबस्सुमने तो मोठ्या आवाजात लावला. मीही ऐकले. मागे ढोल वाजत होते. झुलाल आबा ओरडून सांगत होते. "नूरभाऊ, प्रमिला थांबनी, आनि ज्योतीनी उचली लिधं! एकबी शब्द नही चुकना!"

त्या दिवसापासून तबस्सुम दर रजेत घरी येते आणि एकेक गाणे शेवटपर्यंत ऐकून त्याची चिठ्ठी भरते. कोण गायले ते गावात फोन करून विचारते.

आणि मी? माझी टकटक वाढली आहे. आता मी फार दिवस काढीन असे वाटत नाही. त्या दोन गाण्यांच्या बायका मला आठवतात आणि मी अजून घाबरते. मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या खणात माझी बहीण पडलेली असेल. तिला आवरायला घ्याल तेव्हा आधी तिची प्रत काढा, पसारा मग आवरा. आणि काहीही पुसण्याआधी ते शेवटपर्यंत ऐका. सुरुवात सगळ्यांचीच सारखी असते.

माझ्या शेजारी आता एक नवी डिस्क ठेवली आहे. माझ्यात जे आहे, तेच सगळे तिच्यात आहे. एखादे सॉफ्टवेअर आम्हा दोघींना बघून म्हणेल, या सारख्या आहेत, एक पुसू का? तुमच्या पाया पडते, तेव्हा नाही म्हणा.